व्हॉल्यूमचा नॉब मध्येच उलटा चालतो: घरगुती यूएसबी नियंत्रकातील परतून येणाऱ्या दोषाचा माग

संगणकाचा आवाज कमी-जास्त करण्यासाठी रोटरी एन्कोडर (फिरवण्याच्या प्रत्येक खटक्याचे विद्युत संकेत देणारा भाग) आणि एक लहान मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम चालवणारी चिप) बोर्ड जोडून नॉब तयार करणे हे एका दुपारचे काम आहे, आणि तो पहिल्या दिवशी बहुधा उत्तम चालतो. तक्रार सुरू होते ती दोन-तीन आठवड्यांनी. नॉब उजवीकडे फिरवावा तर आवाज दोन पायऱ्या चढतो आणि लगेच एक पायरी उतरतो. भरभर फिरवला तर मधले खटके गिळले जातात. कधी एका खटक्याला काहीच होत नाही आणि पुढच्या खटक्याला दुप्पट बदल होतो. प्रोग्राममध्ये कुठेतरी थोडा विलंब घातला की दोष गेल्यासारखा वाटतो, आणि काही दिवसांनी तोच दोष पुन्हा हजर होतो. माझ्या नॉबमध्ये हा प्रकार तीन वेळा झाला. तिन्ही वेळा खटके आणि आवाजाच्या पायऱ्या जुळत नव्हत्या, पण कारणे तीन वेगळी होती, आणि पहिल्या दोन दुरुस्त्यांनी तिसरे कारण झाकून ठेवले होते. त्यामुळे खाली दिलेला क्रम हा दुरुस्तीपेक्षा तपासणीचा क्रम आहे.

माझी जोडणी अगदी सर्रास आढळणारी आहे: एटीमेगा३२यू४ चिप असलेला प्रो मायक्रो बोर्ड आणि केवाय-०४० या नावाने मिळणारे एन्कोडर मॉड्यूल. या चिपमध्ये यूएसबीची सोय मुळातच असल्यामुळे संगणक तिला कीबोर्डच्या जातीचे उपकरण म्हणून ओळखतो. अर्दुइनो उनो या बोर्डाच्या आर३ पर्यंतच्या आवृत्त्यांच्या मुख्य चिपमध्ये ही सोय नाही, म्हणून तशा उनोवर हाच प्रोग्राम चढवून नॉब का चालत नाही असे विचारणाऱ्याने आधी बोर्ड बदलावा. दुसरी नेहमीची चूक लायब्ररीची, म्हणजे तयार आज्ञांच्या संचाची असते. अर्दुइनोच्या मूळ कीबोर्ड लायब्ररीत आवाजाच्या कळा नाहीत. त्या एचआयडी मानकाच्या (कीबोर्ड-माउससारख्या उपकरणांसाठीच्या यूएसबी मानकाच्या) ‘कन्झ्युमर’ या वेगळ्या पानावर असतात, जिथे आवाज वाढवण्याचा संकेत दशमान पद्धतीत २३३, कमी करण्याचा २३४ आणि आवाज बंद करण्याचा २२६ आहे. हे संकेत पाठवण्यासाठी एचआयडी-प्रोजेक्ट ही लायब्ररी सोयीची पडते.

आधी संगणकाला निर्दोष ठरवा

नॉब उघडण्यापूर्वी कीबोर्डवरच्या आवाजाच्या कळा दाबून पाहाव्यात. त्या कळांनीही आवाज बदलत नसेल किंवा अडखळत असेल, तर नॉबचा काहीही दोष नाही. बहुतेकदा आवाज भलत्याच उपकरणाकडे वळलेला असतो, उदाहरणार्थ एचडीएमआयने जोडलेल्या पडद्याकडे, आणि काही संगणकांवर अशा पडद्याचा आवाज कळांनी बदलताच येत नाही. एका खटक्याला किती बदल व्हावा याचीही अपेक्षा नीट असायला हवी. विंडोजवर एका संकेताने आवाज २ ने बदलतो, म्हणजे शून्यापासून शंभरापर्यंत ५० खटके लागतात, आणि एका फेरीत २० खटके असलेल्या एन्कोडरला त्यासाठी अडीच फेऱ्या घ्याव्या लागतात. मॅकवर मुळात १६च पायऱ्या असल्यामुळे तिथे तोच नॉब एका फेरीच्या आत पूर्ण आवाज गाठतो. दोन संगणकांवर नॉब वेगळा वागतो ही तक्रार अनेकदा एवढ्यावरच मिटते.

आवाज एकदा वाढायला लागला की थांबतच नाही, हे लक्षण मात्र वेगळे आहे आणि त्याचा एन्कोडरशी संबंध नसतो. प्रोग्रामने कळ दाबल्याचा संदेश पाठवला आणि सोडल्याचा पाठवलाच नाही, तर संगणकाच्या दृष्टीने ती कळ दाबलेलीच राहते आणि आवाज टोकापर्यंत धावतो. दाबणे आणि सोडणे दोन्ही एकत्र करणारी आज्ञा वापरली की हा विषय संपतो.

एका खटक्यात काय घडते

एन्कोडरच्या आत दोन संपर्क असतात. मॉड्यूलवर त्यांच्या पिनांना सीएलके आणि डीटी अशी नावे छापलेली असतात. नॉब फिरताना हे दोन्ही संपर्क ग्राउंडला जोडले आणि तोडले जातात, पण एकाच वेळी नव्हे. एक दुसऱ्याच्या थोडा पुढे असतो, आणि कोण पुढे आहे यावरून दिशा कळते. ग्राउंडला टेकलेला संपर्क ० आणि सुटलेला १ धरून सीएलके पहिला अंक आणि डीटी दुसरा अंक असे लिहिले, तर माझ्या एन्कोडरवर उजवीकडच्या एका खटक्यात ११, ०१, ००, १०, ११ असा क्रम यायला हवा. डावीकडे फिरवल्यास हाच क्रम उलटा येतो. एका खटक्यात चार बदल होतात आणि प्रत्येक बदलात एकच अंक पालटतो, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी चिकित्सा तिच्यावरच उभी आहे.

आता पाठवण्याच्या आज्ञा तात्पुरत्या बंद करून, दोन्ही पिनांची स्थिती बदलली की ती सिरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत) छापणारा चार-पाच ओळींचा प्रोग्राम लिहावा. नॉब एकच खटका, सावकाश फिरवावा आणि काय छापले गेले ते कागदावर उतरवून घ्यावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच टाळले जाते. मीही पहिल्या दोन वेळा टाळले होते.

पहिल्या वेळी माझ्या नोंदीत असा क्रम आला असता, हे आता सांगता येते: ११, ०१, ११, ०१, ००, १०, ११. धातूची पत्ती संपर्कावर टेकताना किंचित उसळते आणि काही मिलिसेकंदांत दोन-चार वेळा जोड-तोड होते, त्याची ही खूण आहे. सर्वत्र आढळणारा सोपा प्रोग्राम सीएलके खाली जाण्याची वाट पाहतो, त्या क्षणी डीटी वाचतो आणि त्यावरून दिशा ठरवतो. संपर्क उसळला की तो एकाच खटक्यात दोनदा मोजतो. सीएलके वर येतानाच्या उसळीला तो खाली गेल्याचे समजला, तर तोपर्यंत डीटी बदललेला असल्यामुळे दिशाही उलटी धरतो. दोन पायऱ्या वर, एक पायरी खाली हा प्रकार इथून येतो.

विलंब का टिकत नाही

यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे मोजल्यानंतर ५ मिलिसेकंद थांबणे. थोडा हिशेब केला की त्यातली अडचण दिसते. नॉब चिमटीत धरून झटक्याने फिरवला तर सेकंदाला तीन फेऱ्या सहज होतात. २० खटक्यांच्या एन्कोडरवर ते ६० खटके झाले, म्हणजे २४० बदल. दोन बदलांमध्ये सरासरी ४ मिलिसेकंदांचा अवकाश उरतो. ५ मिलिसेकंद डोळे मिटून बसणारा प्रोग्राम त्यातला किमान एक बदल पाहतच नाही. सावकाश फिरवताना नॉब सुधारल्यासारखा वाटतो आणि घाईत फिरवला की खटके गिळतो. पुढे संपर्क झिजले आणि उसळी लांबली, की ५ चे १० करावेसे वाटतात आणि गिळणे आणखी वाढते. माझ्या नॉबचा दोष पहिल्यांदा परतला तो असा.

टिकाऊ उपाय विलंबाचा नसून हिशेबाचा आहे. मागची स्थिती दोन अंकी, आताची स्थिती दोन अंकी. दोन्ही शेजारी ठेवल्या की सोळा शक्यता होतात. त्यांपैकी चारांत काही बदललेले नसते, चार उजवीकडच्या असतात, चार डावीकडच्या, आणि उरलेल्या चारांत दोन्ही अंक एकदम पालटलेले असतात, जे धडधाकट एन्कोडरमध्ये घडायला नको. सोळा नोंदींचा एक तक्ता करून उजवीकडच्या बदलाला अधिक एक, डावीकडच्याला उणे एक आणि बाकीच्यांना शून्य द्यावे. संपर्क उसळला तर अधिक एक, उणे एक, अधिक एक असा हिशेब होऊन उसळी आपोआप कापली जाते. स्थिती पुन्हा ११ वर आली की बेरीज पाहायची: ती अधिक चार असेल तर आवाज वाढवण्याचा संकेत, उणे चार असेल तर कमी करण्याचा, आणि दोन्ही नसेल तर काहीही न पाठवता बेरीज शून्य करायची. मधला एखादा बदल सुटला तर बेरीज दोनच भरते. रोजच्या वापरासाठी दोनचीही बेरीज मान्य करायला हरकत नाही, परंतु दोष शोधत असताना मर्यादा चारच ठेवावी, नाहीतर सुटलेले बदल दिसणार नाहीत.

वाचन कुठे करायचे हाही प्रश्न आहे. मुख्य फेऱ्यात (प्रोग्रामच्या सतत चालणाऱ्या लूपमध्ये) वाचन ठेवले तर संगणकाने संदेश उचलेपर्यंत प्रोग्राम कधी कधी अडून राहतो, आणि तेवढ्यात बदल निसटतात. पिनांच्या बदलावर इंटरप्ट (चालू काम थांबवून ठराविक काम लगेच करायला लावणारी सोय) लावणे हा प्रचलित मार्ग आहे आणि प्रो मायक्रोवर २ आणि ३ या पिनांवर तो चालतो, पण संपर्क उसळला की इंटरप्टचा मारा होतो. मला टायमरचा मार्ग अधिक पसंत आहे: दर मिलिसेकंदाला टायमरच्या इंटरप्टमध्ये दोन्ही पिना वाचायच्या, तक्ता पाहायचा, मोजणी वाढवायची आणि बाहेर पडायचे, संकेत पाठवण्याचे काम मुख्य फेऱ्याकडे ठेवायचे. सरासरी ४ मिलिसेकंदांच्या अवकाशाला दर मिलिसेकंदाचे वाचन पुरते, आणि त्याहून बारीक उसळी पुष्कळशी नजरेआडच राहते. मुख्य फेऱ्याने मोजणी वाचून शून्य करताना क्षणभर इंटरप्ट बंद करावेत, अन्यथा त्या दोन क्रियांच्या मधोमध आलेला खटका हरवतो. हा खटका शंभरात एखादाच हरवतो, म्हणून तो शोधताना पार दमछाक होते.

खटके आणि बदल यांचे गणित जुळत नसेल तर

माझा दोष दुसऱ्यांदा परतला तो एन्कोडर बदलल्यावर. नव्या एन्कोडरला दोन खटक्यांमागे आवाजाची एकच पायरी हलत होती. कारण असे की सगळे एन्कोडर एका खटक्याला चार बदल देत नाहीत. एका फेरीत ३० खटके आणि १५ स्पंदे (चार बदलांची पूर्ण आवर्तने) अशा घडणीच्या एन्कोडरमध्ये एका खटक्यात दोनच बदल होतात, आणि नॉब एका खटक्यावर ११ या स्थितीत तर पुढच्या खटक्यावर ०० या स्थितीत विसावतो. अशा एन्कोडरसाठी ११ आणि ०० या दोन्ही विसाव्याच्या जागा धरून दोनच्या बेरजेवर संकेत पाठवावा लागतो. उलट, चार बदलांच्या एन्कोडरवर दोनचा प्रोग्राम चालवला तर एका खटक्याला आवाज दुप्पट बदलतो. नॉब स्वस्थ असताना, चार-पाच लागोपाठच्या खटक्यांवर स्थिती छापून पाहिली की एन्कोडर कोणत्या घडणीचा आहे ते अर्ध्या मिनिटात कळते.

तिसरे कारण: अर्धवट सुटलेली एक तार

तक्ता होता, टायमर होता, खटक्यांचे गणित जुळलेले होते, आणि तरीही महिन्याभराने नॉब पुन्हा वेड्यासारखा वागू लागला. या वेळी मात्र मी आधी नोंद घेतली. तिच्यात ०१ आणि १० जवळजवळ नव्हतेच. प्रत्येक खटक्याला ११, ००, ११ असे छापले जात होते आणि अधूनमधून एखादा ०१ चुकून डोकावत होता. दोन्ही अंक एकदम पालटत होते. संपर्कांच्या उसळीने असे घडत नाही. दोन्ही तारा आतून कुठेतरी एकमेकींना बांधल्या गेल्या असतील तरच घडते.

मल्टिमीटर लावला. नॉब दोन खटक्यांच्या मधोमध, फक्त सीएलके ग्राउंडला टेकेल अशा बेताने धरून ठेवला. सीएलकेवर शून्य व्होल्ट, हे बरोबर. डीटीवर ५ व्होल्ट असायला हवे होते; मीटर १.८ दाखवत होता. हा आकडा पाहिल्यावर मॉड्यूलची मागची बाजू उलटून पाहिली आणि उलगडा झाला. केवाय-०४० वर सीएलके आणि डीटी यांच्यासाठी १० किलोओहमचे दोन पुल-अप रेझिस्टर (संपर्क सुटलेला असताना पिनेला पुरवठ्याच्या व्होल्टकडे वर ओढून ठेवणारे) असतात, आणि दोन्हींची दुसरी टोके ‘+’ पिनेला एकत्र जोडलेली असतात. त्या ‘+’ पिनेची जंपर वायर कनेक्टरमध्ये सैल झाली होती. पुरवठा सुटला की हे दोन रेझिस्टर पुल-अप राहत नाहीत. ते एकामागोमाग जोडले जाऊन सीएलके आणि डीटी यांच्यामध्ये २० किलोओहमचा पूल तयार होतो.

यात बोर्ड पूर्ण मुका झाला असता तर बरे झाले असते. पण मी प्रोग्राममध्ये चिपचे अंतर्गत पुल-अपही चालू ठेवले होते, आणि त्यांचे मूल्य २० ते ५० किलोओहमच्या दरम्यान असते. सीएलके ग्राउंडला टेकला की डीटीला एका बाजूने अंतर्गत पुल-अप वर ओढतो आणि दुसऱ्या बाजूने तो २० किलोओहमचा पूल खाली ओढतो. या ओढाताणीत डीटीवर दीड ते अडीच व्होल्टच्या दरम्यान काहीतरी उरते, ज्याला चिप कधी शून्य म्हणते तर कधी एक. तार हलली की जोड लागतो आणि नॉब शहाण्यासारखा वागतो. टेबलाला धक्का बसला की पुन्हा बिघडतो. मागच्या दोन वेळांच्या बिघाडातही या तारेचा थोडाफार हात असावा असा माझा दाट संशय आहे, कारण प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी मी पेटी उघडून तारा हाताळल्या होत्या, आणि हाताळल्यावर काही दिवस सगळे ठीक चालले होते.

उपाय साधा आहे. पाचही तारांना कनेक्टरऐवजी थेट सोल्डर करावे, आणि नॉब वारंवार ओढला-ढकलला जात असल्यामुळे एन्कोडर पेटीला नटाने घट्ट बसवून तारांवर ताण येऊ देऊ नये. मॉड्यूल नसून सुटा एन्कोडर वापरला असेल, तर त्याला बाहेरचे रेझिस्टर नसतातच. तिथे अंतर्गत पुल-अप चालू ठेवणे आवश्यक आहे आणि हा दोष संभवत नाही. मॉड्यूलच्या बाबतीत आणखी एक पाहावे: नॉब दाबल्यावर जुळणाऱ्या एसडब्ल्यू या पिनेसाठीचा रेझिस्टर पुष्कळ मॉड्यूलांवर बसवलेलाच नसतो. तेव्हा आवाज बंद करण्याची कळ आपोआप दाबली जात असेल, तर त्या एका पिनेपुरता अंतर्गत पुल-अप चालू करावा.

कपॅसिटरबद्दल थोडेसे. दोन्ही संपर्कांपासून ग्राउंडपर्यंत १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावल्याने उसळी आणि तारेत शिरणारा गोंगाट दोन्ही कमी होतात. त्यावर १०३ असे छापलेले असते. १०४ छापलेला १०० नॅनोफॅरडचा असतो. १० किलोओहमबरोबर त्याचा कालांक (भरायला लागणाऱ्या वेळेचे माप) १ मिलिसेकंद होतो आणि तोही चालून जातो. मात्र ‘जितका मोठा तितका चांगला’ या समजुतीने १ मायक्रोफॅरडचा बसवला, तर कालांक १० मिलिसेकंदांवर जातो आणि ४ मिलिसेकंदांनी येणारे बदल त्यात विरघळून जातात. भरभर फिरवल्यावरच नॉब अडखळत असेल आणि प्रोग्राममध्ये विलंब नसेल, तर आधी कपॅसिटरवरचा आकडा वाचावा.

एटीटायनी८५ चिपच्या डिजिस्पार्क बोर्डावर हाच नॉब करणाऱ्यांना १.८ व्होल्टसारखाच एक सापळा भेटतो. त्या बोर्डाच्या ३ आणि ४ या पिना यूएसबीसाठी खर्ची पडतात, ५ ही रिसेटची असते, आणि उरलेल्या तिनांपैकी एकीवर, बहुधा १ वर, बोर्डाचा एलईडी जोडलेला असतो. एन्कोडरचा संपर्क त्या पिनेवर दिला की एलईडी पुल-अपला खाली दाबून धरतो आणि पिनेला पूर्ण ५ व्होल्ट कधी मिळतच नाहीत. एलईडीचा रेझिस्टर काढून टाकणे हाच त्यावरचा नीट उपाय आहे. शिवाय तिथे यूएसबीचे काम सॉफ्टवेअर करते. दर ५० मिलिसेकंदांच्या आत त्याच्याकडे लक्ष द्यावे लागते, म्हणून साध्या विलंबाच्या आज्ञेऐवजी त्या लायब्ररीची स्वतःची विलंब आज्ञा वापरावी. मध्येच उपकरण तुटून पुन्हा जोडल्याचा आवाज संगणक करत असेल, तर हे कारण प्रथम तपासावे.

दुरुस्तीनंतरची चाचणी मी अशी ठेवली आहे. प्रोग्राममध्ये दोन मोजण्या असतात, एक खटक्यांची आणि दुसरी दोन्ही अंक एकदम पालटल्याच्या प्रसंगांची. उजवीकडे १०० खटके, काही सावकाश आणि काही झटक्याने, आणि मग डावीकडे १००. पहिली मोजणी शून्यावर परत यायला हवी आणि दुसरी जागची हलता कामा नये. दुसरी मोजणी एका सेकंदात दहाच्या वर गेली तर प्रोग्राम संकेत पाठवणे थांबवतो आणि बोर्डावरचा एलईडी लावतो. ही सोय खरोखर चालते का ते पाहण्यासाठी, सोल्डर करण्याआधी मी ‘+’ ची तार मुद्दाम उपसून नॉब भरभर फिरवला. एक-दोन संकेत निसटले, त्यानंतर एलईडी लागला आणि आवाज होता तिथेच राहिला.